टाइप-सेफ स्टायलिंग: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मिहान असो, परसोडीचा आयटी पार्क असो की घरची खोली, रिॲक्टवर (वेबपेज बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) काम करणारे आपल्याकडे आता भरपूर आहेत, आणि त्यातल्या अनेकांचं सीएसएस, म्हणजे पानाचे रंग-मापं ठरवणारे नियम, जावास्क्रिप्टच्या फाइलीतच असतं. २०१४ मध्ये फेसबुकच्या ख्रिस्तोफर शेडो यांनी मोठ्या कोडमधल्या सीएसएसच्या अडचणी एका भाषणात मांडल्या: सगळी नावं ग्लोबल, मेलेला कोड ओळखू येत नाही, कुठला नियम जिंकेल ते फाइली लोड होण्याच्या क्रमावर. त्या यादीत टाइप, म्हणजे कुठल्या जागी कुठली व्हॅल्यू चालेल याचे नियम, नव्हते. आज हे टाइप तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्टशिवाय नवीन प्रोजेक्ट क्वचितच सुरू होतो, म्हणून हा धागा. टाइपांनी तुमचं नेमकं काय वाचवलं आणि काय नाही, ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. जावास्क्रिप्टमध्येच सीएसएस लिहायच्या स्टाईल्ड-कंपोनंट्स लायब्ररीत बॅकटिकच्या (`) आत लिहिलेलं सीएसएस टाइपस्क्रिप्टला नुसता मजकूर दिसतो. पॅडिंगचं स्पेलिंग चुकलं तरी कंपायलर गप्प. तेच ऑब्जेक्ट म्हणून लिहिलं की सीएसएसटाइप पॅकेजचे टाइप लागू होतात, एडिटर नावं सुचवतो आणि पोझिशनसारख्या ठरावीक शब्दच घेणाऱ्या गुणधर्मात चूक झाली की लाल रेघ येते. पण ही राखण अर्धवटच. रंगाच्या जागी कुठलीही स्ट्रिंग खपते, कारण सीएसएसमध्ये तिथे व्हेरिएबल, फंक्शन, काहीही येऊ शकतं. म्हणून मी म्हणते, खरी राखण आपले स्वतःचे टोकन, म्हणजे ठरवून नाव दिलेल्या व्हॅल्यू, करतात. स्पेसिंगला मोजक्या पायऱ्या, रंगाला ठरलेली नावं, त्याबाहेरचं काही लिहिलं की बिल्ड थांबलं पाहिजे.

धरमपेठ, फ्रीलान्सर

ताई, मी मराठी-हिंदी-इंग्रजी अशा तिहेरी साईट करतो. देवनागरीला लेटर-स्पेसिंग दिलं की शिरोरेषा तुटते, शब्दाची अक्षरं सुटी होतात. इंग्रजी बटणावर तेच छान दिसतं, त्यामुळे डिझाइनमध्ये ते हमखास येतं. स्टाइलएक्स या स्टायलिंगच्या लायब्ररीत कंपोनंटला (पानाच्या एका तुकड्याला) बाहेरून मिळणाऱ्या स्टाईलचा टाइप ठरवता येतो, ‘हा गुणधर्म सोडून बाकी सगळं’ असंही म्हणता येतं. माझ्या मजकुराच्या कंपोनंटला लेटर-स्पेसिंग देताच येत नाही. कुणाला समजावून सांगावं लागत नाही, एडिटरच सांगतो.

दुसरं, लाइन-हाइट. वर रफार-अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापाची ओळ ठेवली की मात्रा एकमेकींना भिडतात, आणि ओव्हरफ्लो झाकलेला असेल तर कापल्या जातात. म्हणून भाषांचा एक युनियन टाइप (चालणाऱ्या नावांची यादी) आणि त्या प्रत्येकीची लाइन-हाइट असलेला रेकॉर्ड (प्रत्येक नावापुढे व्हॅल्यू हवीच असा तक्ता) ठेवला. पुढे एका ग्राहकानं तेलुगू मागितली. युनियनमध्ये नाव टाकल्याबरोबर कंपायलरनं अडवलं: हिची लाइन-हाइट कुठाय? तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला हे फार बरं झालं.

मिहान, बँकिंग डॅशबोर्ड

आम्ही इमोशन (स्टाईल्ड-कंपोनंट्ससारखीच लायब्ररी) सोडून व्हॅनिला-एक्स्ट्रॅक्टवर आलो. निमित्त वेगाचं. इमोशनच्याच एक मेंटेनर सॅम मागुरा यांनी २०२२ मध्ये आपल्या कामातली एक यादी मोजून दाखवली: रेंडर व्हायला, म्हणजे पडद्यासाठी तयार व्हायला, इमोशनसह सरासरी ५४.३ मिलिसेकंद, वेगळ्या फाइलीतल्या सॅस मॉड्यूल्ससह २७.७. ब्राउझरमध्ये स्टाईल तयार करण्याचा खर्च प्रत्येक रेंडरला पडतो. शिवाय रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये कॉन्टेक्स्ट (वरून खालच्या सगळ्या कंपोनंटना माहिती पोचवायची सोय) चालत नाही, आणि थीम त्यावरच उभी असते. स्टाईल्ड-कंपोनंट्सही २०२५ मध्ये मेंटेनन्स मोडमध्ये गेलं.

व्हॅनिला-एक्स्ट्रॅक्टमध्ये स्टाईल टाइपस्क्रिप्टमध्ये लिहायची आणि बिल्डच्या वेळी साधी सीएसएस फाइल निघते. थीमचा करार, म्हणजे तिच्यात कुठले रंग हवेतच याची यादी, आधी लिहिला, उजेडाची आणि अंधाराची थीम दोन्ही तो पूर्ण करतात. एक रंग राहिला तरी एरर. त्रास एकच: प्रॉप्स (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या व्हॅल्यू) पाहून स्टाईल बदलायची सवय मोडावी लागते. ठरलेल्या पर्यायांसाठी व्हेरिएंट (आधीच लिहून ठेवलेले स्टाईलचे प्रकार) करा, ग्राफच्या पट्टीच्या रुंदीसारख्या खरोखर बदलत्या व्हॅल्यूसाठी सीएसएस व्हेरिएबल इनलाइन द्या. टीमला रुळायला वेळ लागतो, पण रुळल्यावर कुणी परत मागे जाऊ म्हणालं नाही.

सीताबर्डी, छोटी एजन्सी

काहून एवढं, बाप्पा? आमच्या डिझायनर ताई सीएसएस फाइल स्वतः उघडून दुरुस्त करतात, ते मला टाइपांपेक्षा मोलाचं वाटतं. आम्ही सीएसएस मॉड्यूल्स (साध्या सीएसएस फाइली, पण क्लासची नावं फाइलीपुरतीच) वापरतो आणि प्रत्येक फाइलीसाठी टाइपांची फाइल आपोआप बनवून घेतो. क्लासचं नाव बदललं की जुनं नाव वापरणाऱ्या जागा सापडतात. फक्त एक ध्यानात ठेवा: एडिटरमध्ये बसवायचा टाइपस्क्रिप्ट प्लगइन एडिटरपुरताच असतो. कमांड लाइनवरच्या तपासणीत तो नसतो. टाइपांची फाइल तयार केली तरच बिल्ड अडतं.

कळमना बाजारासाठी ॲप करणारी

आमचं ॲप संत्र्याच्या अडत्यांसाठी, म्हणून रंग केशरी हे आधीच ठरलेलं. पांढऱ्यावर गडद नारिंगी अक्षरं ठेवली तर कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडाचं गुणोत्तर) २.३च्या आसपास येतो, साध्या मजकुराला ४.५ तरी हवा. मे महिन्याच्या उन्हात मोबाईल धरून भाव बघणाऱ्या माणसाला ते वाचता येत नाही. आणि इथे टाइप काही बोलत नाहीत, कारण नारिंगी हे वैध टोकन आहे आणि पांढराही.

मग आम्ही मजकूर आणि पार्श्वभूमी हे वेगळे प्रॉप काढूनच टाकले. आता ‘जोडी’ एवढाच एक प्रॉप. जोड्यांची यादी एका फाइलीत, आणि प्रत्येक जोडीचा कॉन्ट्रास्ट टेस्टमध्ये मोजला जातो. यादीबाहेरची जोडी लिहिली तर कंपायलर अडवतो, यादीत कच्ची जोडी घातली तर टेस्ट अडवते. नारिंगी आता पार्श्वभूमीला असते आणि तिच्यावर जवळजवळ काळी अक्षरं.