मिनिटाला १५० ठोके: फ्लटर की एसव्हीटी?

प्रश्न (एमबीबीएस, तृतीय वर्ष):
वॉर्डात दाखवलेल्या एका ईसीजीत क्यूआरएस (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची विद्युत नोंद) अरुंद, ठोके अगदी नियमित आणि गती मिनिटाला १५० होती. मी एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी जलद लय) म्हटले, तेव्हा सरांनी ‘आधी फ्लटर नाही हे सिद्ध कर’ असे बजावले. केवळ गतीवरून अशी शंका का घ्यावी?

उत्तर १:
एट्रियल फ्लटरमध्ये बहुधा उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), ट्रायकस्पिड झडपेभोवती, विद्युतलहर मिनिटाला साधारण ३०० वेळा फिरत राहते. एव्ही नोड (वरच्या कप्प्यांतून खाली लहर सोडणारा दुवा) त्यांतील दर दुसरीच लहर खाली सोडत असल्याने निलयांची (खालच्या कप्प्यांची) गती १५०च्या आसपास स्थिरावते. ईसीजीच्या लीड २, ३ आणि एव्हीएफ या नोंदींमध्ये करवतीच्या दात्यांसारख्या लहरी शोधाव्यात. मात्र त्यांतील एखादी क्यूआरएसमध्ये किंवा त्यानंतरच्या टी लहरीत दडते आणि तिथेच फसगत होते.

उत्तर २:
शंका उरलीच, तर मॉनिटर लावून ॲडेनोसिन (एव्ही नोड क्षणभर अडवणारे औषध) ६ मिग्रॅ शिरेतून झपाट्याने द्यावे, लगेच सलाइनने फ्लश करावे आणि ईसीजीची पट्टी चालूच ठेवावी. ही शेवटची गोष्ट ऐन वेळी हमखास राहून जाते. फ्लटर असल्यास नोड क्षणभर अडल्यामुळे लहरी उघड्या पडतात, पण फ्लटर सहसा थांबत नाही. एव्हीएनआरटी (एव्ही नोडमध्येच लहर फिरत राहून होणारी एसव्हीटी) मात्र बहुधा तिथेच मोडते. दम्याच्या रुग्णाला ॲडेनोसिन देणे टाळावे.

उत्तर ३:
या सगळ्याआधी रक्तदाब पाहा. रुग्ण अस्थिर असेल, तर औषधांचा घोळ न घालता सिंक्रोनाइज्ड शॉक (क्यूआरएसशी वेळ जुळवलेला विजेचा झटका) द्यावा.