नास, सॅन, डास: 'सगळं शेवटी एकच' म्हणणाऱ्यांसाठी

खटपट्या
परवा निवांत_नानांनी लिहिलं होतं: "नास, सॅन, डास ही सगळी मार्केटिंगवाल्यांची पिलावळ. शेवटी काय, एक डबा, आत डिस्का, मागे केबल. नावं घोकणाऱ्यांना काम येत नाही." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. (नवख्यांसाठी: तिन्ही डेटा साठवायच्या पद्धती. डास म्हणजे सर्व्हरला थेट जोडलेली डिस्क, नास नेटवर्कवरून फायली देतं, सॅन नेटवर्कवरून कच्ची डिस्कच देतं.)

नाना, २०११ साली मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळायला होतो. साहेबांचं मत अगदी तुमच्यासारखं. नवं सॅन आलं तसे म्हणाले, "तोच लन दोन्ही सर्व्हरना दे. शेअर्ड फोल्डरच तो!" लन म्हणजे सॅनमधून सर्व्हरला कापून दिलेला डिस्कचा तुकडा. मी नवखा, दिला. दोन विंडोज सर्व्हर, एक लन, वर साधी एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टीम (कुठली फाइल कुठे, याची नोंदवही), दोघांचा ताळमेळ ठेवणाऱ्या क्लस्टरचा पत्ता नाही.

नास असतं तर फाइल सिस्टीम त्या डब्याकडे असती, कोण काय लिहितंय त्यावर त्याचं लक्ष असतं. सॅन नुसते ब्लॉक, म्हणजे डिस्कचे कोरे कप्पे देतं. सर्व्हरला वाटतं, ही माझ्या पोटातलीच डिस्क. दोघे एकाच वहीत, एकमेकांना न विचारता लिहीत सुटले. तिसऱ्या दिवशी हिशेबाच्या फायली उघडेनात. टेपवरून परत आणताना दोन रात्री गेल्या, आणि साहेब गावभर सांगत होते, "सॅन खराब निघालं." सॅन ठणठणीत होतं हो. नास समजून वापरलं म्हणून नासलं.

निवांत_नाना
कोटी जमली. पण चूक शब्दाची नाही, साहेब म्हणाला म्हणून लन देणाऱ्याची. आणि शब्दांचं एवढं कौतुक असेल तर सॅनला जोडणाऱ्या फायबर चॅनेलचं सांगा. तांब्याच्या तारेवरही चालतं, तरी नाव फायबर! मग लाज झाकायला स्पेलिंगमधलं शेवटचं 'ईआर' उलटवून 'आरई' केलं. अशांची नावं मी पाठ करू?

लॅमिंग्टनकर
नानांशी सहमत. बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. 'यूएसबी-बी' असं म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकाने केबल मागितली नाही. 'प्रिंटरची केबल' म्हणतात, मी काढून देतो. आख्ख्या कॅबिनेटला 'सीपीयू' म्हणतात, तरी धंदा चालतो.

मीना_नागपूर
चालतो तुमचा, भरतो आम्ही! 'टाइप सी द्या' म्हटलं की तुम्ही हाताला येईल ती केबल देता. भाचीच्या लग्नाचं दोनशे जीबी शूटिंग नव्या एसएसडीवर घेत होते, दीड तास लागला. मुलाने डिस्कसोबत आलेली केबल लावली, पाच मिनिटांच्या आत काम झालं. दुकानातली केबल चार्जरची होती, आत यूएसबी २.०, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. तोंड सारखं म्हणून केबल सारखी होते का?

लॅमिंग्टनकर
ताई, दीडशे रुपयांत तुम्हाला काय विमान हवं होतं? आणि केबलवर काही छापलेलंच नसतं, त्याला मी काय करू?

मीना_नागपूर
छापलेलं नसतं तर विचारायचं की, "चार्जिंगला हवी की डिस्कला?" एवढं एक वाक्य! बावीस वर्षांत जमलं नाही?

सातारी_सर्व्हर
दुकानदाराला कशाला झोडपता? पाप यूएसबीवाल्यांचं. २००८ साली ३.० आलं, ५ गिगाबिट. २०१३ साली ३.१ काढलं, तर जुन्याचं नाव ३.१ जेन १. २०१७ साली ३.२, तर त्याच पोराचं नाव ३.२ जेन १. एकाच पोराचं तीनदा बारसं! वेग तोच, ५. आणि २० गिगाबिटवाल्याचं नाव काय, तर '३.२ जेन २ बाय २'. हे नाव आहे की अपूर्णांक?

खटपट्या
अहो, धागा नास-सॅनचा आहे. यूएसबीचं वेगळं काढा.

मीना_नागपूर
का? तुमच्या दोन रात्री गेल्या त्या महत्त्वाच्या, आमचा दीड तास फुकट?

निवांत_नाना
बघा, मी हेच म्हणत होतो. नावं देणाऱ्यांनाच ताळतंत्र नाही.

सातारी_सर्व्हर
नाही नाना, एवढं सोपं नाही. तुम्ही उलट्या बाजूला पळताय. नावं गचाळ आहेत म्हणून वस्तू एक होत नाहीत. एम.२ हा डिस्कचा नुसता आकार. आतून सॅटा (जुनी, हळू जोडणी) की एनव्हीएमई (नवी, वेगवान) ते वेगळंच. तुमच्या मताने चाललो तर निम्म्या लॅपटॉपांत डिस्क बसेल आणि दिसणार नाही.

खटपट्या
नाना सॅटाला आणि एसएएसलाही (सर्व्हरच्या डिस्कांची जोडणी) 'एकच' म्हणत असतील.

निवांत_नाना
टोमणा कळला. सांगणार नव्हतो, पण आता सांगतो, हसा पोटभर. दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडून सहा एसएएस डिस्का घेतल्या. 'सॅटाच, जरा भारीतली,' असं त्याला मीच समजावलं होतं. घरी आणून बघतो तर सॅटाच्या कनेक्टरला मध्ये खाच असते ना, ती यांत भरलेली. सॅटाची केबल जाईचना. कानस घेऊन बसणार होतो, हिने हात धरला. मग कळलं की एसएएसच्या कंट्रोलरला (डिस्क चालवणाऱ्या सर्किटला) सॅटा डिस्क चालते, उलटं चालत नाही. खटपट्यासाहेब, एवढ्या एका बाबतीत तुमचं खरं, घ्या. फायबर चॅनेलबद्दल माझं मत तेच आहे.

लॅमिंग्टनकर
कानस!! नाना, दुकानात या, चहा माझ्याकडून.

सातारी_सर्व्हर
नाना, त्या सहा डिस्का आहेत का अजून? माझ्याकडे जुना सर्व्हर पडलाय, एसएएस कंट्रोलरवाला. फक्त सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत छोटा कप्पा) ५१२ बाइटचा आहे की ५२०चा तेवढं बघा. स्टोरेजच्या डब्यातून निघालेल्या असतील तर ५२०च्या असू शकतात, मग आधी फॉरमॅट करत बसावं लागेल.

निवांत_नाना
सेक्टरचं आता मला विचारू नका. वरती लेबल आहे, खाली काहीतरी टीबी लिहिलंय. फोटो पाठवतो, तुम्हीच बघा. सहाचे तीन हजार.

सातारी_सर्व्हर
दोन.