ऑटोपायलट लावला की बोट नागमोडी जाते, कंट्रोल कॉम्प्युटर गेला असेल का?

शिडाची_दोरी
नमस्कार मंडळी, माझ्या ३४ फुटी शिडाच्या बोटीवर हायड्रॉलिक ऑटोपायलट आहे. महिनाभर झालं, ऑटो दाबला की बोट ठरवलेल्या दिशेच्या दहा अंश डावीकडे, मग दहा अंश उजवीकडे, असं चालूच राहतं, पंपाला क्षणभर उसंत नाही आणि मागून लाटा असल्या की अजूनच वाईट. हाताने चालवली तर एकदम सरळ जाते. गेन (दिशा चुकली की सुकाणू किती जोरात वळवायचं ती सेटिंग) कमी करून पाहिला तर आता दिशा सुटल्यावर सावरायलाच उशीर करतो. नवा कॉम्प्युटर घ्यायचा का?

सुकाणूवाला
अजिबात घेऊ नका, आधी सुकाणूपाशी जा. यंत्र काय करतं बघा, होकायंत्राचा सेन्सर बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगतो, कॉम्प्युटर फरक काढतो आणि पंपाला तेल ढकलायला लावतो, पण सुकाणू खरंच किती वळलं हे त्याला फक्त फीडबॅक सेन्सरमुळे कळतं. त्या सेन्सरचा दांडा सैल असेल तर सुकाणू वळलं तरी त्याला पत्ताच नाही, मग तो अजून वळवतो, मग उलटं. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने दांड्याच्या सांध्यावर हाताचं बोट ठेवायचं, ढिलेपणा असेल तर बोटाला लगेच जाणवतो.
गेनबद्दल म्हणाल तर जहाजाचं सुकाणू आपोआप कसं चालवायचं यावर काम करणाऱ्या मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ मध्येच मांडलंय की चांगला सुकाणूधारी नुसती चूक बघत नाही, ती किती वेगाने वाढतेय आणि किती वेळ टिकलीय तेही बघतो. काउंटर रडर (वळण थोपवायला वेळीच उलटं सुकाणू देणारी सेटिंग) म्हणजे त्यातला वेगाचा भाग, म्हणून नुसता गेन कमी करून भागत नाही.

खारा_वारा
वरच्याशी सहमत, आणि व्होल्टेज पंपाच्या टर्मिनलवर मोजा, तेही पंप चालू असताना. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतं आणि गंजून हिरव्या पडलेल्या तारेच्या जोडापुढे पंपाला त्यातलं निम्मंसुद्धा मिळत नाही असं मी स्वतः पाहिलंय. तेलाची पातळी बघा, चाक स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा. होकायंत्राच्या सेन्सरजवळ स्पीकर किंवा लोखंडी हत्यारं ठेवू नका, माझ्याकडे शेजारच्या कप्प्यात ठेवलेल्या पान्यांच्या पेटीने दिशा भरकटली होती.

शिडाची_दोरी
सापडलं!! दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, पिनचं भोक झिजून लांबट झालंय, जवळजवळ ३ मिमी ढिलेपणा आहे. रोज सुकाणूच्या वरूनच जात होतो हो, आणि कधी वाकून बघितलं नाही. जॉइंट बदलतो.

सुकाणूवाला
छान. बदलल्यावर सुकाणू मधोमध आणून शून्य परत सेट करा, मग शांत पाण्यात सावकाश पूर्ण गोल फिरून होकायंत्राचं कॅलिब्रेशन करा आणि गेन मूळ आकड्यावर न्या. तोवर मागच्या लाटांत चाक हातातच ठेवा. आणि बोट सरळ जायला लागली तरी पुढे नजर ठेवायला कोणीतरी हवंच, ऑटोपायलटला समोरची होडी दिसत नाही.