कालच्या आरतीचे फोटो

ए-३०४ : सर्वांना नमस्कार. फोटो काढणाऱ्यांच्या कष्टांचा मान ठेवूनच लिहिते, की कालच्या आरतीत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाळू उधळल्यासारखी दिसते आणि टाळ्या वाजवणारे हात तर ओळखूच येत नाहीत. उद्या शेवटची आरती आहे, म्हणून आजच विषय काढला.

बी-१०१ : रवाळ शिरा असावा, फोटो नव्हे.

सी-५०२ : ताई, हे काम मी हौसेने आणि विनामूल्य करतो, याची नोंद असावी. मंडपात उजेडच नव्हता, लेन्स ५.६ च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), शटर १/३० सेकंदावर गेले आणि कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १२८०० पर्यंत चढवला; त्यानेच दाणे आले.

ए-४०१ : ग्रुपवर फोटो दाबला जाऊन येतो. कृपया मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

बी-२०३ : दादा, राग मानू नका, पण सगळे कॅमेऱ्यावर सोपवले तिथेच घोळ झाला. माझी ५० मिमीची १.८ ची लेन्स घेऊन जा. ५.६ पेक्षा तिच्यातून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, त्यामुळे हलते हात स्थिर टिपण्यासाठी शटर १/१०० केले तरी आयएसओ चार हजारांच्या आसपास राहील.

सी-५०२ : आणि १.८ वर मागची रांग धूसर आली, की गेल्या वर्षीप्रमाणे ‘आम्हाला मुद्दाम वगळले’ हे मीच ऐकायचे.

सचिव : आयएसओ ४०० वर ठेवून नंतर मोबाइलवर फोटो उजळता येणार नाही का?

बी-२०३ : नाही, साहेब. काळोखात दडलेले दाणे उजळताना वर येतातच, कारण मुळात प्रकाशच कमी टिपलेला असतो.

ए-४०१ : पुन्हा लिहितो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

ए-३०४ : काही फोटोंत आडवे काळे पट्टेही आहेत. ते यंदाच्या स्वस्त माळांमुळे आले असावेत, असे नम्रपणे वाटते.

सचिव : माळा सभेत सर्वानुमते ठरल्या होत्या. आपण त्या सभेला नव्हता.

बी-२०३ : आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मुलांच्या नाचाला शटर १/५०० केले होते, तिथेच पट्टे उठले. १/१०० वर बहुधा दिसणार नाहीत. दोन्ही रांगा हव्या असतील तर लेन्स २.८ वर आणावी लागेल, पण मग आयएसओ पुन्हा दहा हजारांवर जाईल. फ्लॅश वर मारावा, तर मंडपाचे कापड भगवे असल्याने चेहरेही भगवे होतील. तेव्हा समोरून दोन पांढरे दिवे लावण्याला पर्याय दिसत नाही.

सचिव : पार्किंगमधले दोन मोठे दिवे उद्या सहा वाजता मंडपात येतील. खर्च शून्य, हेही नोंदवावे.

ए-४०१ : तिसऱ्यांदा लिहितो. मूळ फाइल.

सी-५०२ : काका, सर्व रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली, जशाच्या तशा पाठवल्या आहेत.

ए-४०१ : फाइल उघडत नाही. कृपया साधा फोटो पाठवावा.