रेस दिली की स्पीकरमधून ‘कुंई’ आवाज येतो

चिपळूणचा_स्विफ्टवाला
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची डिझेल स्विफ्ट. नुकताच डिक्कीत चार चॅनेलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि पुढे नवे स्पीकर बसवून घेतले. तेव्हापासून इंजिन चालू झालं की बारीक ‘कुंई’ सुरू होते. रेस दिली की सूर चढतो, सोडली की उतरतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. इंजिन बंद करून किल्ली नुसती ऑनवर ठेवली तर अगदी शांत.

बाबा घाटातून जाताना शास्त्रीय ऐकतात. आलापाआधी नुसता तानपुरा वाजत असतो, तेव्हा ही कुंई त्यात शिरते. आता ते टेप लावायलाच नको म्हणतात, त्याचं फार वाईट वाटतं.

ॲम्पची अर्थिंग मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला दिली आहे. पॉवरची वायर आणि आरसीए (टेपमधून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या वायरी) मॅटखालून एकाच बाजूने नेल्यात. दुकानदार म्हणतो कपॅसिटर (ॲम्पसाठी वीज साठवून ठेवणारा भाग) लावा. लावू का?

बास_पाहिजे
ग्राउंड लूप आयसोलेटर घे भावा, म्हणजे दोन अर्थिंगमधला संबंध तोडणारी छोटी डबी, आरसीएमध्ये जोड. माझ्या गाडीत लगेच काम झालं.

जुना_वायरमन
दादा, कपॅसिटरवर पैसे घालू नका. आयसोलेटरने आवाज जाईल, पण स्वस्तातल्या आयसोलेटरचा छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातो आणि मूळ दोष तसाच राहतो. इतक्या हौसेने स्पीकर बसवलेत, तर दोषच शोधूया.

तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतात, म्हणजे इग्निशनचा प्रश्न मिटला. रेसबरोबर सूर चढतो, म्हणजे मूळ अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर). आणि व्हॉल्यूमने फरक पडत नाही, म्हणजे आवाज टेपच्या व्हॉल्यूमनंतर, टेप ते ॲम्पच्या वाटेत किंवा ॲम्पमध्येच शिरतोय.

आधी टेप आणि ॲम्प बंद करून ॲम्पकडच्या आरसीए काढा, मग टेप आणि ॲम्प पुन्हा लावून इंजिन चालू करा. शांत झालं तर ॲम्प ठीक. आरसीए चालू सिस्टीमवर कधीही काढू-घालू नका. काही टेपमध्ये आरसीएच्या अर्थिंगचा नाजूक ट्रॅक त्याने जळतो आणि मग कुंई कायमची मुक्कामाला येते.

आता खरा संशयित, सीटबेल्टचा बोल्ट. त्याच्याखाली रंग असतो, आट्यांवर लॉकिंगचा लेप असतो, आणि तो जिवाच्या सुरक्षेचा बोल्ट आहे, तिथे वायर नकोच. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू ठेवा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक टोक ॲम्पच्या निगेटिव्हला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.1 व्होल्टच्या आत हवं. जास्त दिसलं तर टेपची अर्थिंग आणि ॲम्पची अर्थिंग एका पातळीवर नाहीत, आणि त्या फरकामुळे करंट आरसीएच्या जाळीतून (वायरीच्या बाहेरच्या तारांच्या आवरणातून) वाहतोय.

वायर एकत्र गेल्यात म्हणून लगेच मॅट उचकटू नका. दुसरी आरसीए सीटवरून मोकळी टाकून ऐका. फरक पडला तरच पुढचा खटाटोप.

चिपळूणचा_स्विफ्टवाला
आरसीए काढल्या, एकदम शांत. मीटरवर 0.38 व्होल्ट आले! डिक्कीच्या तळाला पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारला, पॉवरच्या वायरइतक्याच जाडीची आखूड वायर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, नटबोल्टने आवळली. आता 0.04. सीटवरून टाकलेल्या आरसीएने काहीच फरक पडला नाही, म्हणून मॅट तशीच ठेवली.

मोठी कुंई गेली. मात्र मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सवर (मोबाइल टेपला जोडायची वायर) गाणं लावलं की थोडी येते, आणि ही व्हॉल्यूमबरोबर वाढते.

जुना_वायरमन
झकास! ही दुसरी कुंई व्हॉल्यूमबरोबर वाढते, म्हणजे टेपच्या आधीच शिरते. चार्जरची अर्थिंग आणि ऑक्सची अर्थिंग मोबाइलमध्ये भेटतात, तो वेगळा लूप. चार्जर काढला की जाईल. चार्जिंग हवंच असेल तर ऑक्सच्या वायरवर चांगल्यातला आयसोलेटर लावा, इथे त्याची जागा योग्य आहे. नाहीतर ब्लूटूथ वापरा.

ॲम्पचा गेनही तपासा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, टेपच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं बटण. गेन तळाला, टेप पाऊण व्हॉल्यूमवर, मग आवाज फाटेपर्यंत गेन हळू चढवा आणि तिथून जरा मागे घ्या.

तुमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा बघता घासलेला पत्रा फार दिवस टिकणार नाही. लग पक्का आवळल्यावर त्यावरून आणि आजूबाजूला रंगाचा हात द्या.

चिपळूणचा_स्विफ्टवाला
रंग आजच लावतो. बाबांना संध्याकाळी फेरीला नेतोय, पेनड्राइव्ह त्यांनीच निवडून ठेवलाय.