मदत हवी आहे: ताओबाओवरून लोलिता ड्रेस पुण्यात कसा मागवायचा?

घेरदार:
नमस्कार मंडळी. चीनमधून लोलिता फॅशनचे, म्हणजे बाहुलीसारखे घेरदार, लेसवाले कपडे मागवलेलं कोणी इथे आहे का? ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारावरचा एक जेएसके, म्हणजे आत ब्लाउज घालून वापरायचा बिनबाह्यांचा ड्रेस, मला मनापासून आवडला आहे. प्री-ऑर्डर रविवारी बंद होते.

ही फॅशन टोकियोतल्या हाराजुकू भागातली. पण जपानी ब्रँडचा नवा ड्रेस तीस-चाळीस हजार येनपर्यंत जातो, तो मला झेपणारा नाही. चिनी दुकानं स्वतःचे प्रिंट काढतात, तेही फार सुंदर, आणि हा ड्रेस ४८० युआनला आहे. दुसऱ्याच्या प्रिंटची नक्कल केलेला स्वस्त माल मला नको, ज्याने चित्र काढलं त्यालाच पैसे मिळावेत.

आधी १०० युआन डिंगजिन, म्हणजे आपला विसार. मग काही महिन्यांनी ड्रेस शिवून झाला की उरलेले ३८० भरायचे. आपण मागे हटलो तर विसार बुडतो. पुण्याचा पत्ता दुकान घेत नाही, त्यामुळे मध्ये चीनमध्ये माल घेऊन इकडे पाठवणारा एजंट लागणार. उरलेली रक्कम भरायची खिडकी उघडली की एजंट कळवतो, की मीच दुकानावर लक्ष ठेवायचं? ड्रेसचा घेर फुलवणारा आतला फुगीर पेटीकोटही सोबत मागवू का? आणि कस्टमचं काय?

लेसवाली:
मी सिंगापुरात असते. इथे ताओबाओ थेट घरी येतं, पण भारतातल्या मैत्रिणींसाठी एजंटची वाट बरीच तुडवली आहे.

पेटीकोट अजिबात मागवू नकोस! आंतरराष्ट्रीय कुरियर बहुधा आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ५० बाय ४० बाय २० चा खोका आत हलका माल असला तरी ८ किलोचा धरला जातो. लेहेंग्याखाली लावतात ती कॅनकॅन जाळी लक्ष्मी रोडवर घे आणि ओळखीच्या शिंप्याकडून गुडघ्याच्या वर थांबेल असा घेर शिवून घे. ड्रेस मात्र एजंटला खोक्यातून काढून पिशवीत घालायला सांग.

पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नकोस. डिसेंबर २०१९ पासून भेटीवरची सवलत गेली, राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वाचली. ड्युटी लागणार हे धरूनच हिशोब कर. खरी किंमत लिही, पैसे भरल्याची पावती जपून ठेव. कुरियरवाले केवायसी मागतात, ती कागदपत्रं वेळेत दिली नाहीत तर पार्सल अडकून बसतं.

उरलेल्या रकमेची तारीख स्वतः बघत राहा. एजंटने कळवलं तर उत्तमच, पण त्यावर विसंबू नकोस.

घेरदार:
ताई, खूप खूप आभार! कॅनकॅन डोक्यातच आलं नव्हतं. मापाचं अजून विचारायचं आहे. तक्त्यात एम साठी छाती ८८ सेंटिमीटर आणि कंबर ७० दिली आहे, माझी ८९ आणि ७२. पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या नाहीत, दोऱ्या आहेत.

लेसवाली:
मग एल घे. तक्त्यातली मापं बहुधा तयार कपड्याची असतात, त्यात आतल्या ब्लाउजची जाडी धरलेली नसते, आणि शिवताना एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच. दोऱ्या ओढून ड्रेस आवळता येतो, सैल करायला कापडच नसतं. एजंटच्या गोदामात ड्रेस पोचला की टेप लावून फोटो मागव. साध्या मालाला चीनमध्ये ७ दिवसांत परत करायची मुभा आहे, पण प्री-ऑर्डरला दुकान ती देतं का, हे विसार भरण्याआधी एजंटकडून विचारून घे. एकदा पार्सल चीनबाहेर पडलं की परत पाठवण्याचा खर्च ड्रेसपेक्षा जास्त होतो.

घेरदार:
एल नक्की. एजंटला आत्ताच विचारते. पुण्यातलं आणखी कोणी याच दुकानातून घेणार असेल तर सांगा, गोदामात पार्सलं एकत्र करता येतील.