मदत हवी आहे: सावकाश सूर्यनमस्कारात श्वास अडतो

आधी 12 सूर्यनमस्कार भराभर उरकायचे. महिनाभर फक्त 4 घालतेय, कुठे ताण येतोय ते बघत. गाडं अडतं साष्टांग नमस्कारात (गुडघे, छाती, हनुवटी जमिनीला टेकतात ती स्थिती). त्याआधीच्या पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) श्वास सोडायचा आणि साष्टांगात तसंच, श्वास न घेता थांबायचं, असं शिकलेय. वेगात ते जमायचं. आता जीव घाबरा होतो आणि पुढच्या भुजंगासनात (छाती वर उचलताना) श्वास हिसक्याने आत येतो. मग कसलं शरीराकडे लक्ष!

आकडे मोजून पाहिले, तर लक्ष आकड्यांतच. उज्जायीनेही (घसा किंचित आवळून घेतलेला संथ श्वास) फरक नाही.

वय 46, बीपी किंवा दमा नाही, पोट रिकामंच असतं. सध्या क्लास शक्य नाही.

साष्टांगात साधा श्वास चालू ठेवावा, की पर्वतासनातच जास्तीचे श्वास घेऊन साष्टांगातून लगेच भुजंगासनात जावं?